उशिरा आलेली दोन नावं

विमानं चालू होती. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी मला समजवायला येणार नाही. प्रज्ञाचे बाबा गेले तेव्हा जर्मनीतून विमानं येत होती, मुंबईला उतरत होती, माणसं घरी पोचत होती. उतरली नाही ती फक्त आमची मुलगी. तिचं म्हणणं, तिथे राहण्याचा तिचा परवाना नव्याने मिळायचा होता, कागद कचेरीत अडकले होते, त्या वेळी देश सोडला असता तर परत शिरता आलं नसतं. मग नसतं शिरायचं!

त्यानंतरच्या प्रत्येक फोनवर मी हेच म्हणत आले आणि प्रत्येक फोन तिथेच संपत आला. शेवटी गेल्या नोव्हेंबरात मी स्वतः निघाले. बघायला नाही, आणायला.

सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे आमचा ग्रॅनाइटचा गाळा आहे. ओटे, उंबरे, जिने, नावाच्या पाट्या. हे टेम्पो चालवायचे, मी भाव करायची. हिंजवडीतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत आमचा दगड बसलाय आणि माझ्याशी घासाघीस करून जिंकलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. मुलीच्या बाबतीत मात्र मी सपशेल हरले. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या पोरांना तोटा नाही. शिकतात आणि कंपनीत लागतात. आमची शिकली आणि तिथल्या एका मेलेल्या पाद्र्याच्या नादी लागली. हा पाद्री कविता करायचा, आणि ही त्याच्यावर प्रबंध लिहिणार. नारायण पेठेतल्या तिच्या जर्मनच्या बाईंनी पेढे मागितले तेव्हा मी म्हटलं, तुम्हीच द्या. मुलगी तुम्ही नेलीत.

सामानात भाकरीचं पीठ, कांदा-लसूण मसाला आणि एक पाटी होती. काळ्या ग्रॅनाइटची, आरशासारखी घासलेली, तिच्यावर यांचं पूर्ण नाव. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. धंद्यात मी भल्याभल्यांना घाम फोडते, पण हे नाव जन्मात तोंडातून काढलेलं नाही. ‘हे’, ‘प्रज्ञाचे बाबा’, यावर संसार झाला. कोरायला हरकत नव्हती, म्हणून कोरून घेतलं. बेत असा, की पाटी तिच्या पुढ्यात ठेवायची आणि म्हणायचं, बघ आता रोज.

विमानतळावर तपासणीच्या बाईने हातातली पिशवी उघडली.

“हे काय आहे?”

“दगड.”

“दगड कशाला नेताय?”

“तिकडे मिळत नाहीत म्हणे.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी सोडली.

पहिली संध्याकाळ

गावाचं नाव लिहीत नाही, त्या पाद्र्याचंही नाही. प्रज्ञाने तशी अट घातली आहे; त्याच्यावरून तिथे अजून माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. मी त्याला नुसतं कवी म्हणेन.

छोटं गाव, उतरत्या छपरांचं. चार वाजता दिवस मावळला होता आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मला वाटलं, इथेही कोणी गेलंय की काय. स्टेशनवर प्रज्ञा उभी होती. वाळली होती. जवळ घ्यायचं नाही असं मी पुण्यातूनच ठरवून आले होते.

“जय भीम, आई,” ती म्हणाली आणि पिशवी उचलायला गेली. “बापरे. काय आणलंयस? दगड?”

“हो,” मी म्हटलं.

तिच्या दारावर, घंटीच्या बटणाशेजारी, कागदाच्या चिठ्ठीवर आडनाव होतं. ग्रॅनाइटवाल्याची मुलगी आणि नाव कागदावर! मी तसं म्हटलं, तर म्हणाली, “इथे पोस्टमन दारावरच्या नावावर टपाल टाकतो. आत जो राहतो त्याचंच नाव लावायचं, नसेल राहत तर काढायचं. घरमालक फार कडक आहे.”

आत गेल्यावर पहिला धक्का बसला. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून आलेल्या आईसमोर पोरीने लाकडी फळीवर पाव, चीजचे काप आणि काकडी ठेवली.

“गरम काय आहे?”

“चहा करते ना.”

“म्हणजे संध्याकाळी चूल पेटतच नाही?”

“इथे दुपारी गरम जेवतात आणि संध्याकाळी पाव. सगळेच.”

“आपल्याकडे घरात मयत झालं की चूल पेटवत नाहीत.”

बोलून गेले. त्यानंतर दोघींनी पाव मुकाट्याने चावला. पाव मात्र चांगला होता, जाड सालीचा, आंबूस. हे मी तिला सांगितलं नाही.

कबरींवरच्या नोटिसा

दुसऱ्या दिवशी सायकलवरून एक बाई आल्या. आखूड केस, गमबूट, गळ्यात लोकरीचा मफलर. प्रज्ञाने ओळख करून दिली: केलरबाई, इथल्या पाद्री. मी तिला पुन्हा विचारलं. पाद्र्याची बायको? नाही, पाद्रीच. नवरा शाळेत स्वयंपाक शिकवतो. मी ऐंशीच्या दशकात गाळा टाकला तेव्हा, ‘शेठ कुठायत?’ असं विचारणाऱ्यांना मी काय उत्तर द्यायची ते आठवलं आणि बाईंशी एकदम जमलं. त्या मला ‘फ्राउ सोनवणे’ म्हणायच्या, मी त्यांना ‘बाई’. मधल्या भाषांतराचं काम प्रज्ञाचं.

त्यांनी चर्चमागचं कब्रस्तान दाखवलं. आमच्या मुलखातल्या बागा इतक्या नीट नसतात. एका काळ्या दगडावरून मी हात फिरवला आणि थबकले. हा आपल्या दक्षिण भारतातला काळा! अशा लाद्या माझ्या गाळ्यात रोज उतरतात.

“बाईंना सांग, हा आपला दगड आहे.”

प्रज्ञाने सांगितलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, असेल. पण आता इथे इतका चकचकीत दगड लावायला परवानगी नाही, डोळ्यांवर येतो. ऐका! अख्खं आयुष्य मी दगडाला चकाकी आणण्यात घालवलं.

पुढच्या दगडावर एक पिवळा कागद चिकटवलेला होता. त्याच्या पुढच्यावरही. महापालिका अनधिकृत टपरीला लावते तसा. विचारलं तर कळलं, मुदत संपली आहे, नातेवाइकांनी कार्यालयाशी संपर्क साधावा. कोणी आलंच नाही तर दगड उचलतात आणि काही काळाने तिथे दुसऱ्याला पुरतात.

“म्हणजे मेल्यावरसुद्धा भाड्याने?”

प्रज्ञाने हे कसं सांगितलं कोण जाणे. बाई गंभीर होऊन म्हणाल्या, “हो. जवळजवळ तसंच.”

आपण जाळतो, राख पाण्यात सोडतो, आणि नंतर फोटोला हार घालत बसतो. इथे जागा देतात, फुलं लावतात, आणि मग नोटीस. यातलं जास्त निर्दय काय, याचा निकाल मला लावता आला नाही.

कवीच्या कबरीवर मात्र पिवळा कागद नव्हता. ती गावाच्या मानाची, कायमची. ताजी फुलं होती.

कवी

प्रज्ञाने त्याची गोष्ट मला चर्चमध्ये, ओकच्या बाकावर बसून सांगितली. थंडी अशी की दोघींच्या तोंडातून वाफ निघत होती.

कवी चाकं बनवणाऱ्या सुताराचा मुलगा. शिष्यवृत्तीवर धर्मशास्त्र शिकला. पहिल्या महायुद्धात जखमींच्या उशाशी बसण्याचं काम त्याच्याकडे आलं. गावी परतला तेव्हा निम्मे केस पांढरे झाले होते. उपासमारीच्या हिवाळ्यात लोक गुरांचे सलगम खात होते, तेव्हा याने पाद्र्याच्या घराचं कोठार उघडून दिलं आणि स्वतःच्या पोरांना वेगळं वाढलं नाही. गाणी लिहायचा. शब्द साधे, बर्फाखाली बी झोपलेलं असतं, मेलेलं नसतं, अशा अर्थाचे. ज्यांची मुलं युद्धावरून आली नाहीत त्या बाया ती गाणी म्हणत कपडे धुवायच्या. गाण्यांना चाली लावायची क्लारा श्टाम. तीच चर्चचा ऑर्गन वाजवायची आणि गावातल्या पोरांना गायला शिकवायची. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा.

मला हा माणूस आवडायला लागला होता. धंद्यात नेमकं अशा वेळी सावध व्हायचं असतं.

मग ते राज्य आलं, ज्याची करणी सगळ्या जगाला माहीत आहे. चर्चमध्ये क्रुसाशेजारी झेंडे लागले. पाद्र्यांमध्ये फूट पडली. काहींनी झेंड्याचं स्वागत केलं, काही उलटले. शेजारच्या गावच्या पाद्र्याने प्रवचनातच सुनावलं. त्याला दारातून उचलून नेलं, आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात चमचा ठरत नव्हता. आपला कवी दोन्हींतला नव्हता. त्याला भांडण नको होतं. क्लारा ज्यू घरात जन्मलेली. तान्ही असतानाच तिचा बाप्तिस्मा झाला होता, पण त्या राज्यात जन्म मोजत. तिला ऑर्गनवरून उठवलं, ‘तात्पुरतं’ म्हणून. पुढे ती आजारी पडली आणि गेली.

“आता नीट ऐक,” प्रज्ञा म्हणाली. “इथे नोव्हेंबरच्या शेवटाकडे एक रविवार असतो. त्या वर्षात गावातलं जे कोणी गेलं असेल, त्या सगळ्यांची नावं पाद्री इथून वाचतो. नाव वाचलं की त्या घरची माणसं उभी राहतात, एक मेणबत्ती लागते, मग बसतात. नावं मुळाक्षरांच्या क्रमाने असतात, त्यामुळे आपलं कधी येणार ते कळतं. घड्याळवाला पहिल्या रांगेत बसला होता. आधीचं नाव झालं, तसा तो उठून उभा राहिला.”

“मग?”

“कवीने पुढचं नाव वाचलं.”

“म्हणजे?”

“तिचं घेतलंच नाही. पुढचं वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं. घड्याळवाला उभाच. मग खाली बसला.”

“आणि लोक?”

“चर्च भरलेलं होतं, आई. म्हणून तर गोष्ट टिकली. सगळ्यांनी पाहिलं, कोणी हललं नाही.”

“कोणी बंदूक लावली होती का त्याला?”

“तेच शोधतेय. आत्तापर्यंत तरी असं दिसतंय, की त्याला कोणी तसं सांगितलंसुद्धा नव्हतं.”

मी गोळ्या, आग, तुरुंग असलं काही ऐकायच्या तयारीने बसले होते. ते ऐकून माणूस हळहळतो आणि बाहेर जाऊन चहा पितो. हे अंगावर आलं. ज्याने सलगमाच्या हिवाळ्यात कोठार उघडलं, त्याला एका मेलेल्या बाईचं नाव उच्चारवलं नाही.

माझ्या सासऱ्यांना त्यांच्या गावात कोणी पुरत्या नावाने हाक मारली नाही. अर्धं तोडायचं, वर कुत्र्याला बोलवावं तसा सूर. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली. पुढे मुलगा झाला तेव्हा त्याच्या नावातच त्यांनी ‘राव’ घातलं. हाक मारणाऱ्याला राव म्हणावंच लागलं पाहिजे. नाव न घेण्यात किती दम असतो ते मला कोणी शिकवायला नको.

“मग त्याचं काय झालं?”

“पुढच्या युद्धात त्याचे दोन्ही मुलगे गेले. त्यांची नावं त्याने इथूनच वाचली, आवाज न हलू देता. म्हातारा होऊन मेला. त्याचं गाणं अजून दर वर्षी त्याच रविवारी म्हणतात. क्लाराच्या चालीत.”

“आणि तिची कबर?”

“मुदत संपली. तिथे दुसरं कोणी आहे. मुलंबाळं नव्हती. तिचं नाव आता कुठेच नाही.”

प्रज्ञाने गेल्या वर्षी चर्चच्या मंडळाकडे अर्ज केला होता, त्या रविवारी क्लाराचं नाव वाचा म्हणून. मंडळ नाही म्हणालं. केलरबाई तिच्या बाजूने होत्या, पण मंडळात लोरेन्झ नावाच्या निवृत्त मास्तरांचं वजन. त्यांचं म्हणणं, बाईबद्दल काही नाही, पण यादी त्या वर्षीच्या मृतांची असते. नियम म्हणजे नियम. लहानपणी कवीनेच त्यांना गायला शिकवलं होतं. दोन दिवसांवर रविवार होता, शनिवारी मंडळाची बैठक होती, आणि प्रज्ञा पुन्हा तोच अर्ज घेऊन जाणार होती.

भांडी घासताना

घरी आल्यावर मी पिठलं टाकलं. पोरगी बोटं चाटून जेवली. भांडी घासताना माझ्या डोक्यात एकदम आलं.

“प्रज्ञा, तू बाबांचं नाव दिलं होतंस का इथे? ते गेले त्या वर्षी?”

ती ताटली पुसत राहिली.

“नाही.”

झालं. मी हातातला तवा बेसिनमध्ये आपटला. पिशवीतून पाटी काढून ओट्यावर ठेवली. म्हटलं, दुसऱ्याच्या बाईसाठी अर्ज करतेस, मंडळाशी भांडतेस, आणि बापाचं नाव? त्या पाद्र्याने गाळलं, तूही गाळलंस. मग त्याच्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला? खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला ठोकलं. तिथे संध्याकाळी मोठ्याने बोलत नाहीत.

प्रज्ञाने पाटीवर हात ठेवला. म्हणाली, “नाव वाचलं की घरच्यांनी उभं राहायचं असतं. माझ्या घरचं इथे कोण होतं? बाबांच्या जलदानविधीला तुझ्याभोवती अख्खी वस्ती बसलेली मला फोनवर दिसत होती. बायकांनी तुला धरलं होतं. नावांच्या रविवारी मी इथे चर्चच्या बाकावर बसले होते, आई. शंभर लोक बसलेले आणि मी एकटी उभी राहणार. नाही जमलं. नाव द्यायला दोनदा कार्यालयाच्या दारापर्यंत गेले.”

“विमानं चालू होती,” मी म्हटलं. सवयच.

“हो,” ती म्हणाली. “होती.”

आजवर तिने कारणं दिली होती. परवाना, कचेरी, तारखा. त्या दिवशी नुसतं ‘होती’ म्हणाली. आपण सांगितलेला भाव गिऱ्हाईकाने एका दमात कबूल केला, की विकणाऱ्याचाच हात अडखळतो. मी पिठल्याची कढई घासायला घेतली आणि बराच वेळ घासली.

मग म्हटलं, “ते मास्तर माणूस म्हणून कसे आहेत?”

“का गं? चांगले आहेत. फार सभ्य. मी नवीन आले तेव्हा कोट दिला होता त्यांनी.”

“सभ्य आहेत ना? मग उद्या तू तुझ्या बाईचं नाव काढायचंच नाही. आपण आधी बाबांचं मागायचं.”

“ते तीन वर्षांपूर्वी गेले. नियमात नाही बसत.”

“म्हणूनच. घराच्या अख्ख्या फरशीचा भाव आपण गिऱ्हाईकाला आधी सांगतो का? आधी उंबऱ्याची पट्टी विकायची. ती बसली की आतली फरशी तिला जुळणारी घ्यावीच लागते. इतक्या लांबून आलेल्या विधवेला तो सभ्य माणूस तोंडावर नाही म्हणेल? एकदा उशिराचं एक नाव घेतलं की नियम मोडला. मग दुसऱ्याला नाही कसं म्हणणार?”

प्रज्ञा माझ्याकडे बघतच राहिली.

“आई, ही फसवणूक आहे.”

“ही विक्री आहे.”

शनिवार: उंबरा

चर्चशेजारच्या खोलीत लांब टेबल, कॉफी आणि प्लमचा केक. पाचसहा माणसं. मास्तर उंच, इस्त्रीच्या कोटातले, हात मिळवताना वाकणारे. वाईट वाटण्यासारखा माणूस. म्हणजे, ज्याला फसवताना वाईट वाटेल असा.

मी पाटी टेबलावर ठेवली. जरा जोरातच ठेवली गेली; कप वाजले. प्रज्ञाच्या तोंडून सांगितलं, माझा नवरा गेला तेव्हा मुलगी इथे होती, तिला येता आलं नाही. सगळ्यांसमोर ‘येता आलं नाही’ असं म्हणताना माझं मलाच चमत्कारिक वाटलं, पण भावात असं बोलावं लागतं. म्हटलं, सातवी शिकलेले, टेम्पो चालवायचे, पण दर रविवारी पोरीला फोनवर विचारायचे, ‘तुझा पाद्री काय म्हणतो?’ आणि ती सांगेल ती कविता टेम्पोत बसून ऐकायचे. उद्या त्यांचं नाव इथे वाचावं, एवढंच मागणं आहे.

हे शेवटचं मी भावासाठी सांगितलं नव्हतं. निघून गेलं तोंडातून. प्रज्ञाला भाषांतर करताना थांबावं लागलं.

मास्तरांनी पाटीवरच्या अक्षरांवर बोट फिरवलं. म्हणाले, नियम आहे. मग म्हणाले, पण अपवादाला माणुसकी म्हणतात. एकच नाव.

केलरबाईंच्या लगेच लक्षात आलं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्या म्हणाल्या, “मग यादीच्या शेवटी एक भाग करावा लागेल. उशिरा आलेली नावं. त्यात आणखी एक नाव आमच्याकडे बरंच आधीपासून थांबलेलं आहे.”

खोलीत कोणी केक खाईना. मास्तरांनी प्रज्ञाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना सगळं कळलं. कान लाल झाले.

“मी एकच म्हणालो होतो,” ते म्हणाले.

अशा वेळी बाजारात एकच चाल असते: दुकानातून उठून चालायला लागायचं. मी पाटी उचलली. म्हटलं, “सांग त्यांना. एकच घ्यायचं असेल तर त्या बाईंचं घ्या. माझं राहू द्या.”

प्रज्ञाने “आई?” केलं. मी म्हटलं, सांग.

आयुष्यात हजार वेळा मी अशी उठले आहे आणि हजार वेळा मागून हाक आली आहे. पण तेव्हा सौदा दगडाचा असायचा. तो मोडला तरी दगड गाळ्यातच राहायचा. इथे मास्तर ‘ठीक आहे’ म्हणाले असते, तर यांचं नाव मी स्वतःच्या हाताने खोडलं असतं. पाटी छातीशी धरून उभी होते. सहा लोकांत उभं राहवत नव्हतं. पोरगी शंभरांत उभी राहणार होती.

मास्तर खिडकीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, “त्यांनी मला हात धरून सूर शिकवला. तुम्ही मला त्यांच्या विरुद्ध मत द्यायला सांगताय.”

“नाही,” मी म्हटलं. “त्यांचं राहिलेलं काम उरकायला सांगतेय.”

ते हसले नाहीत. कपातली गार झालेली कॉफी संपवली, रुमालाने तोंड पुसलं, आणि केलरबाईंना म्हणाले, “दोन्ही लिहा.” मग कोट चढवून कोणाकडे न बघता निघून गेले.

बैठक संपल्यावर बाईंनी कागद पुढे घेतला. नाव कसं उच्चारायचं? प्रज्ञा सांगायला लागली, तर त्यांनी हात वर केला; म्हणाल्या, फ्राउ सोनवणेंकडून ऐकते.

बाई वाट बघत राहिल्या. आमच्यात घेत नाहीत हे त्यांना कुठून समजावणार? आणि समजावलं असतं तरी कोणत्या तोंडाने? नाव घ्या म्हणून मीच टेबल हलवून बसले होते.

“दादाराव,” मी म्हटलं.

प्रज्ञाने झटकन माझ्याकडे पाहिलं. बाईंनी म्हणून बघितलं. ‘द’ जमेना, डमरूचा ‘ड’ यायचा. मी पुन्हा म्हटलं, जीभ दाताला लावून दाखवली. दादाराव. पुन्हा. दादाराव सोनवणे. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

रविवार

चर्च भरलं होतं. सगळे काळ्या कपड्यांत, मी पांढऱ्या साडीत. वरून प्रज्ञाचा, म्हणजे मास्तरांनी दिलेला, कोट. मास्तर पुढच्या रांगेत ताठ बसलेले.

नावं सुरू झाली. एक घर उभं राहायचं, मेणबत्ती लागायची, घर बसायचं. कोणी रडून आकांत केला नाही. आपल्याकडच्या हंबरड्याची सवय असलेल्या माणसाला ही शांतता झेपत नाही. मी मनात त्रिसरण म्हणत होते. यादी संपली. केलरबाई जरा थांबल्या, म्हणाल्या, आता उशिरा आलेली नावं.

“दादाराव सोनवणे. पुणे.”

‘ड’च आला. पण ‘राव’ स्वच्छ आला. सासरे ऐकायला हवे होते.

आम्ही उभ्या राहिलो. मी प्रज्ञाचा हात घट्ट धरला. मेणबत्ती लागली. आता बसायचं. प्रज्ञा बसायला वाकली, तसा मी तिचा हात वर ओढला.

“क्लारा श्टाम.”

तिच्यासाठी उभं राहायला अख्ख्या गावात कोणाचं घर नव्हतं. आम्ही होतोच उभ्या. लोकांनी माना वळवून पाहिलं, मग समोर बघितलं. दुसरी मेणबत्ती एका मुलीने लावली. मास्तर बसूनच राहिले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. ती जराही हलली नाही. मग ऑर्गन सुरू झाला, कवीचं गाणं, क्लाराची चाल. सगळे गायला लागले. मास्तर गात नव्हते. पुस्तक उघडं, तोंड मिटलेलं. कडव्यामागून कडवं.

बाहेर पायऱ्यांवर ते माझ्यासमोर आले. प्रज्ञाला म्हणाले, “तुझ्या आईने मला फसवलं.”

मी म्हटलं, “हो.”

त्यांनी वाकून हात मिळवला, आणि टोपी घालून कब्रस्तानाच्या वाटेने गेले. कवीच्या कबरीपाशी थांबले की नाही, ते धुक्यात दिसलं नाही.

पुणे

प्रज्ञाला मी आणलं नाही. शेवटच्या दिवशी एकदा विचारलं, तिने एकदाच नाही म्हटलं. घासाघीस केली नाही. तिचा प्रबंध अजून व्हायचा आहे. मास्तर आता तिच्याशी बोलत नाहीत, पण जुने फोटो एका खोक्यात घालून तिच्या दाराशी ठेवून गेले, असं तिने कळवलं.

पाटीचा प्रश्न होता. कब्रस्तानात चकचकीत दगड चालत नाही, आणि दादाराव तिथे नाहीतही. परत आणायला माझे हात दुखत होते. मी निघाले तेव्हा ती ओट्यावरच होती.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. पाटी तिने दारावर लावली, घंटीच्या बटणाशेजारी, कागदाच्या चिठ्ठीच्या जागी. घरमालक दुसऱ्याच दिवशी वर आला. ही कुठली अक्षरं, आणि कोणाचं नाव? न सांगता नवीन भाडेकरू ठेवलास का? दारावर नाव लावायचं तर तो माणूस इथे राहायला हवा.

“मग काय म्हणालीस?” मी विचारलं.

“म्हटलं, माझे वडील आहेत. राहतात.”

तीच म्हणाली, “आई? आहेस ना?”

“आहे,” मी म्हटलं. “दादारावांच्या पाटीवर धूळ बसू देऊ नकोस. काळ्यावर लगेच दिसते.”

विमानं चालू होती, हे मी अजून म्हणते. पण फोन आता तिथे संपत नाही.